अँड्रॉइड स्टुडिओ, ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर: सांगलीच्या प्रोजेक्टवाल्यांसाठी परीक्षण

निकाल आधी सांगतो. अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे अँड्रॉइड ॲप बनवण्याचं सॉफ्टवेअर, ८ जीबी रॅमवर चालतो आणि व्यवस्थित चालतो, पण इन्स्टॉल केला आणि तसाच वापरला असं करून नाही. एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावरचा नकली फोन, सोडावा लागतो, मेमरीच्या दोन-तीन ओळी हाताने लिहाव्या लागतात आणि लाल अक्षरांत आलेली चूक शेवटपर्यंत वाचावी लागते. एवढं केलं की विश्रामबाग, बुधगाव, मिरज इथल्या कॉलेजांतले शेवटच्या वर्षाचे नेहमीचे प्रोजेक्ट, मग ते बेदाण्याच्या सौद्यांचे दर दाखवणारं ॲप असो की वर्गातल्या हजेरीचं, त्याच लॅपटॉपवर पूर्ण होतात. नाही केलं तर सबमिशनच्या आठवड्यात रात्र-रात्र नुसतं सिंकचं (प्रोजेक्टच्या सेटिंग्ज वाचून लायब्ररी जुळवण्याचं) चक्र बघत बसावं लागतं.

गूगलने हे सॉफ्टवेअर २०१३ मध्ये जाहीर केलं आणि डिसेंबर २०१४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. पाया जेटब्रेन्स या कंपनीच्या इंटेलिजे आयडिया या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरचा. फुकट आहे. कोड सुचवणं, नाव बदललं की सगळीकडे बदलणं, लॉगकॅट (ॲपच्या नोंदी दाखवणारी खिडकी), प्रोफायलर (ॲपचा वेग आणि मेमरी मोजणारं साधन) या बाबतीत अँड्रॉइडसाठी याच्या तोडीचं दुसरं साधन नाही, त्यामुळे त्याबद्दल फार लिहीत नाही. ज्यासाठी लोक कंटाळून हे सोडून देतात ते बिल्डचे (कोडपासून ॲप तयार करण्याच्या कामातले) एरर आणि क्रॅश, त्याकडे वळू.

नेमकं काय बंद पडलं?

"स्टुडिओ क्रॅश झाला" असं सगळे म्हणतात. पण स्टुडिओ म्हणजे एकच प्रोग्रॅम नव्हे. बिल्ड चालू असताना विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा. 'स्टुडिओ६४' हा एडिटर. त्याखाली 'ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी' या नावाच्या एक-दोन प्रोसेस दिसतील: एक ग्रेडल या बिल्ड करणाऱ्या साधनाचा डीमन, म्हणजे मागे चालत राहणारी प्रोसेस, दुसरा कोटलिन या भाषेच्या कंपायलरचा. एम्युलेटर चालू असेल तर 'क्यूईएमयू' नावाची वेगळीच प्रोसेस. यातली कुठली गेली, त्यावर उपाय ठरतो. एडिटर गोठला असेल तर ग्रेडलची सेटिंग बदलून फरक पडत नाही, आणि ग्रेडल मेला असेल तर स्टुडिओ पुन्हा इन्स्टॉल करणं म्हणजे डेटा आणि वेळ दोन्ही वाया.

गूगलची स्वतःची अट नुसत्या स्टुडिओला ८ जीबी आणि एम्युलेटरसह १६ जीबी अशी आहे. विंडोज आणि क्रोम उघडे ठेवून ८ पैकी हातात चार-साडेचार जीबी उरली तरी नशीब. नवा प्रोजेक्ट बनवला की 'ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज' फाइलमध्ये ग्रेडलच्या कमाल हीपचा (त्याला वापरता येणाऱ्या मेमरीचा) आकडा, म्हणजे 'एक्सएमएक्स', २०४८ एमबी लिहून येतो. बिल्ड अडकलं की मित्रमंडळींचा पहिला सल्ला असतो: तो ४०९६ कर. ८ जीबीच्या मशीनवर हा सल्ला घातक आहे. कोटलिनचा डीमन, त्याला वेगळं काही सांगितलं नसेल तर, आपली मर्यादा ग्रेडलच्याच आकड्यावरून घेतो. म्हणजे एका ओळीत तुम्ही दोन प्रोसेसना प्रत्येकी ४ जीबीची मुभा देता. मग विंडोजलाच मेमरी पुरत नाही आणि बिल्ड आधीपेक्षा लवकर मरतं.

मेसेज नीट वाचला तर दिशा कळते. 'जावा हीप स्पेस' किंवा 'जीसी ओव्हरहेड लिमिट एक्सिडेड' असेल तर खरोखरच ग्रेडलची हीप अपुरी आहे. ५१२ एमबीने वाढवून बघा. 'इनसफिशियंट मेमरी फॉर द जावा रनटाइम' किंवा 'पेजिंग फाइल इज टू स्मॉल' असेल तर हीप नव्हे, अख्ख्या मशीनची मेमरी संपली आहे. इथे आकडा कमी करायचा, क्रोम बंद करायचा आणि सी ड्राइव्हवर जागा मोकळी करायची, कारण पेजिंग फाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची जागा) तिथेच वाढते. 'ग्रेडल बिल्ड डीमन डिसअपिअर्ड अनएक्स्पेक्टेडली' हा मेसेज फक्त प्रोसेस नाहीशी झाली एवढंच सांगतो. कारण शोधायला 'एचएस-ईआरआर-पीआयडी' या नावाने सुरू होणारी लॉग फाइल बघा. ती प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये, नाहीतर यूजर फोल्डरमधल्या 'डॉट ग्रेडल'च्या आत 'डीमन' फोल्डरमध्ये सापडते. पहिल्या दहा-बारा ओळींतच मेमरी संपली की आणखी काही झालं ते लिहिलेलं असतं.

८ जीबीसाठी माझी शिफारस अशी: एक्सएमएक्स २०४८ वरच ठेवा. त्याच फाइलमध्ये 'कोटलिन डॉट कंपायलर डॉट एक्झिक्युशन डॉट स्ट्रॅटेजी' ही ओळ घालून तिची किंमत 'इन-प्रोसेस' करा. मग कोटलिन कंपायलर वेगळी प्रोसेस न उघडता ग्रेडलच्या आतच चालतो. 'ओआरजी डॉट ग्रेडल डॉट वर्कर्स डॉट मॅक्स'ची (एका वेळी किती कामं चालवायची त्याची) किंमत २ ठेवा. बिल्ड थोडं हळू होईल, पण पूर्ण होईल. एडिटरच टायपिंगला अडखळत असेल तर फाइल मेनूतला 'पॉवर सेव्ह मोड' चालू करा. मागे सतत चालणारी कोडची तपासणी थांबते. न लागणारे प्लगइनही बंद करा.

ग्रेडलचा डीमन काम नसलं तरी तीन तास मेमरीत बसून राहतो. स्टुडिओ बंद करून दुसरं काही करायचं असेल तर टर्मिनलमध्ये 'ग्रेडलडब्ल्यू'ला 'स्टॉप' हा पर्याय देऊन तो आधी थांबवावा.

वीज गेली, हॉटस्पॉट तुटला

आपल्याकडचे निम्मे 'अगम्य' एरर याच दोन कारणांतून येतात. बॅटरी संपलेला लॅपटॉप चार्जरवर चालतो, बिल्ड चालू असताना वीज जाते, आणि दुसऱ्या दिवशी 'कुड नॉट रीड वर्कस्पेस मेटाडेटा' असा मेसेज येतो, पुढे 'ट्रान्सफॉर्म्स' फोल्डर आणि 'मेटाडेटा डॉट बिन'चा लांबलचक पत्ता. कोडमध्ये काहीही चुकलेलं नसतं. ग्रेडलने अर्धवट लिहिलेली फाइल कॅशमध्ये (पुन्हा वापरायला साठवलेल्या फाइलींत) पडून आहे, एवढंच. स्टुडिओ बंद करा, डीमन थांबवा, 'डॉट ग्रेडल'च्या आत 'कॅशेस', त्यात तुमच्या ग्रेडल आवृत्तीचं फोल्डर, त्यातलं फक्त 'ट्रान्सफॉर्म्स' काढून टाका. अख्खं 'डॉट ग्रेडल' उडवू नका. तोही उपाय चालतो, पण सगळ्या लायब्ररी पुन्हा उतरवाव्या लागतात, आणि मोबाइलच्या दिवसाच्या डेटात ते बसत नाही.

दुसरा नेहमीचा: 'झिप एंड हेडर नॉट फाउंड'. ग्रेडलची झिप सुमारे १३० एमबीची असते. हॉटस्पॉट मध्येच तुटला की ती अर्धी राहते आणि ग्रेडल तीच उघडायला जातो. 'डॉट ग्रेडल', त्यात 'रॅपर', त्यात 'डिस्ट्स', त्यात आवृत्तीचं फोल्डर, आणि त्याच्या आत अक्षर-आकड्यांच्या निरर्थक नावाचं एक फोल्डर, इथपर्यंत जा. ते फोल्डर तसंच ठेवून आतल्या सगळ्या फाइल काढा. कॉलेजच्या लॅबमध्ये पूर्ण झिप उतरवून पेन ड्राइव्हवर आणा आणि तिथे ठेवा. नाव आणि प्रकार, 'बिन' की 'ऑल', प्रोजेक्टच्या रॅपर फाइलमध्ये जो लिहिलाय तोच हवा. पुढच्या सिंकला ग्रेडल तीच झिप उलगडतो, नेट लागत नाही.

एकदा सगळं उतरलं आणि बिल्ड यशस्वी झालं की ग्रेडलच्या खिडकीतलं 'ऑफलाइन मोड'चं बटण दाबून ठेवा. मग नेट नसतानाही काम चालतं. नवी लायब्ररी जोडताना मात्र ते बंद करायला विसरू नका, नाहीतर 'नो कॅश्ड व्हर्जन अव्हेलेबल फॉर ऑफलाइन मोड' येईल.

आवृत्त्यांची साखळी

स्टुडिओबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार इथे आहे. जेडीके (जावाची साधनं), ग्रेडल, अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन म्हणजे एजीपी (ग्रेडलला अँड्रॉइड ॲप बनवायला लागणारा जोड) आणि कोटलिन या चार गोष्टींच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळाव्या लागतात, आणि जुळत नसतील तर स्टुडिओ ते सरळ सांगत नाही. सीनियरकडून आलेला तीन वर्षांपूर्वीचा प्रोजेक्ट उघडला की पहिलं दर्शन होतं ते 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५' असल्या ओळीचं. या आकड्यातून ४४ वजा करा: ६५ म्हणजे जावा २१, ६१ म्हणजे जावा १७, ५५ म्हणजे ११, ५२ म्हणजे ८. अर्थ असा की तुमचा ग्रेडल त्या जावापेक्षा जुना आहे. जावा २१ वर चालायला ग्रेडल ८.५ किंवा पुढचा लागतो, जावा १७ ला किमान ७.३. सेटिंग्जमध्ये बिल्ड टूल्सखाली ग्रेडल, तिथे 'ग्रेडल जेडीके' असा पर्याय आहे. जुना प्रोजेक्ट नुसता चालवून बघायचा असेल तर तिथे जुना जेडीके निवडा. त्यावर पुढे काम करायचं असेल तर ग्रेडल वाढवा.

प्लगइन आणि ग्रेडलची जोडी पाठ करायची गरज नाही, पण काही खुणा माहीत असाव्यात. प्लगइन ८.० ला जावा १७ आणि ग्रेडल ८.० लागतो, ८.२ ला ग्रेडल ८.२, ८.५ ला ग्रेडल ८.७. प्लगइन ८ वर गेलात की 'नेमस्पेस नॉट स्पेसिफाइड' येतं, कारण पॅकेजचं नाव आता मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) नाही, मॉड्यूलच्या बिल्ड फाइलमध्ये 'नेमस्पेस' म्हणून द्यायचं असतं. फ्लटर हे ॲप बनवण्याचं गूगलचं दुसरं साधन वापरणाऱ्यांना जुन्या प्लगइनांमुळे हाच एरर येतो. व्हीएस कोडमध्ये काम केलं तरी अँड्रॉइडसाठी खाली ग्रेडलच असतो, त्यामुळे एडिटर बदलून यातून सुटका नाही.

टूल्स मेनूतला 'एजीपी अपग्रेड असिस्टंट' हे बदल स्वतः करून देतो, आणि चांगले करतो. फक्त एका उडीत ४ वरून ८ वर जाऊ नका. आधी ७ च्या शेवटच्या आवृत्तीवर या, बिल्ड करा, गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) कमिट करा, मग पुढे.

कंपोझ (कोटलिनमध्ये ॲपचे स्क्रीन बनवण्याचं साधन) वापरणाऱ्यांसाठी आणखी एक कडी आहे. कोटलिन २.० च्या आधी कंपोझ कंपायलरची आवृत्ती वेगळी लिहावी लागायची आणि ती कोटलिनच्या नेमक्या आवृत्तीशी जुळावी लागायची: कंपोझ कंपायलर १.५.३ ला कोटलिन १.९.१०, १.५.१४ ला १.९.२४. एका ठिकाणी आकडा बदलला आणि दुसरीकडे राहिला की बिल्ड थांबलं. मे २०२४ मध्ये कोटलिन २.० आल्यापासून कंपोझ कंपायलर कोटलिनसोबतच येतो आणि दोघांचा आकडा एकच असतो. नवा प्रोजेक्ट सुरू करत असाल तर २.० च्या खाली थांबण्याचं कारण नाही.

'डुप्लिकेट क्लास' आणि पुढे कोटलिन, जेडीके७, जेडीके८ असे शब्द दिसले तर ते कोटलिन १.८ चं देणं आहे. त्या आवृत्तीपासून दोन वेगळ्या लायब्ररी मूळ लायब्ररीत विलीन झाल्या, आणि एखादी जुनी डिपेंडन्सी (प्रोजेक्टला जोडलेली लायब्ररी) अजून त्या वेगळ्या ओढून आणते. डिपेंडन्सीत 'कोटलिन बॉम' (लायब्ररींच्या जुळत्या आवृत्त्यांची यादी) १.८ किंवा पुढची 'प्लॅटफॉर्म' म्हणून घातली की सगळ्या एका आवृत्तीवर येतात.

जुन्या ट्युटोरियलमधला 'जेसेंटर' शब्द कुठे दिसला तर काढून टाका. ते भांडार बंद झालं आहे. त्या जागी 'गूगल' आणि 'मावेन सेंट्रल'. आणि टार्गेट (ॲप कुठल्या अँड्रॉइडसाठी बनवलंय तो आकडा) ३१ किंवा वर नेताना 'एक्सपोर्टेड नीड्स टू बी एक्सप्लिसिटली स्पेसिफाइड' आलं तर ज्या ॲक्टिव्हिटीत, सर्व्हिसमध्ये किंवा रिसीव्हरमध्ये इंटेंट फिल्टर आहे तिथे 'एक्सपोर्टेड' लिहा. सुरुवातीच्या ॲक्टिव्हिटीला 'ट्रू'.

चित्रं, नावं आणि फोल्डर

हळदीचा फोटो व्हॉट्सॲपवर आला, तो जसाच्या तसा 'ड्रॉएबल'मध्ये टाकला, आणि बिल्ड मोडलं. व्हॉट्सॲपच्या फाइलच्या नावात मोठी अक्षरं, मोकळ्या जागा आणि आडव्या रेघा असतात. रिसोर्सच्या नावात फक्त लहान इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर चालतात. देवनागरी नावही चालत नाही. नाव बदलताना कुणी शेवटचं 'जेपीईजी' काढून 'पीएनजी' लिहितो, मग 'फाइल डज नॉट स्टार्ट विथ पीएनजी सिग्नेचर' येतं. नाव बदलून फाइलचा प्रकार बदलत नाही. जेपीईजी तशीच राहू द्या, चालते.

मराठी मजकुराच्या स्ट्रिंग फाइलमध्ये 'आणि'साठी अँपरसँडचं चिन्ह टाकू नका, एक्सएमएल तुटतं. इंग्रजी मजकुरातल्या ॲपॉस्ट्रॉफीच्या आधी उलटी तिरकी रेघ द्या.

प्रोजेक्ट कुठे ठेवता तेही महत्त्वाचं. विंडोज ११ मध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बहुधा वनड्राइव्हला जोडलेले असतात. ग्रेडल 'बिल्ड' फोल्डर पुसायला जातो तेव्हा वनड्राइव्हने त्यातली फाइल धरलेली असते, आणि 'अनेबल टू डिलीट डिरेक्टरी' येतं. प्रोजेक्ट डी ड्राइव्हवर, छोट्या इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला तरी विंडोज अडवतं. विंडोजचं अकाउंट मराठी नावाने असेल तर 'डॉट ग्रेडल' आणि एसडीके (अँड्रॉइडची साधनं असलेलं फोल्डर) दोन्ही डी ड्राइव्हवर हलवा. डिफेंडरच्या अपवादांत प्रोजेक्ट, 'डॉट ग्रेडल' आणि एसडीके ही तीन फोल्डर घातली की बिल्डच्या वेळेत लगेच फरक दिसतो.

चौघांचा एक प्रोजेक्ट

पेन ड्राइव्हवर अख्खा फोल्डर देण्याऐवजी गिट वापरा. देणारच असाल तर आधी 'बिल्ड', प्रोजेक्टमधला 'डॉट ग्रेडल' आणि 'लोकल डॉट प्रॉपर्टीज' काढा. शेवटच्या फाइलमध्ये तुमच्या मशीनवरच्या एसडीकेचा पत्ता असतो, जो दुसऱ्याकडे नसतो. स्टुडिओ उघडल्यावर ती फाइल पुन्हा बनवतो.

याहून त्रासदायक भाग सहीचा. प्रत्येक लॅपटॉपवर स्टुडिओ वेगळी डीबग कीस्टोअर (ॲपवर सही करायच्या चावीची फाइल) बनवतो. म्हणून एकाच्या लॅपटॉपवरून फोनमध्ये टाकलेल्या ॲपवर दुसऱ्याने इन्स्टॉल केलं की 'अपडेट इनकम्पॅटिबल' येतं. जुनं ॲप अनइन्स्टॉल करा. आणि गूगल साइन-इन एकाकडे चालतं, तिघांकडे एरर १० देतं, त्याचंही कारण हेच. चौघांच्या शा-१ खुणा (चावी ओळखायचे क्रमांक) फायरबेस या गूगलच्या सेवेत नोंदवा. ग्रेडलच्या 'सायनिंग रिपोर्ट' टास्कमधून त्या मिळतात. नंतर 'गूगल-सर्व्हिसेस' ही जेसन फाइल नव्याने उतरवून 'ॲप' फोल्डरमध्ये ठेवा.

ॲप उघडताच बंद होतं तेव्हा

लॉगकॅट हा स्टुडिओचा सगळ्यात चांगला भाग आहे आणि सगळ्यात कमी वाचला जाणारा. वरच्या पट्टीत 'पॅकेज:माइन लेव्हल:एरर' लिहा, ॲप पाडा, 'फेटल एक्सेप्शन' शोधा. पहिली ओळ नव्हे, सगळ्यात खालचा 'कॉज्ड बाय' वाचा, आणि त्याखाली निळ्या रंगात तुमच्याच फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक असेल तिथे जा. बिल्डच्या एररलाही हाच नियम: बिल्ड खिडकीत डावीकडच्या झाडात सगळ्यात वरच्या नावावर क्लिक केलं की पूर्ण मजकूर दिसतो.

लॅपटॉपवरच्या सर्व्हरला फोनवरून जोडताना तीन गोष्टी चुकतात. फोनवर 'लोकलहोस्ट' म्हणजे फोन स्वतः. यूएसबी लावून 'एडीबी रिव्हर्स' करा, नाहीतर लॅपटॉपचा वायफाय पत्ता द्या. एम्युलेटरवर तोच पत्ता १०.०.२.२ असतो. अँड्रॉइड ९ पासून साध्या एचटीटीपीला मुळात परवानगी नाही, 'क्लिअरटेक्स्ट नॉट परमिटेड' येतं. चाचणीपुरतं मॅनिफेस्टमध्ये 'यूजेस क्लिअरटेक्स्ट ट्रॅफिक' चालू करा. आणि इंटरनेटची परवानगी लिहिली आहे ना, ते बघा.

डीबगमध्ये चालणारं ॲप रिलीजमध्ये पडत असेल तर संशय आर-८ वर घ्या. तो न वापरलेला कोड काढतो आणि नावं बदलतो, त्यामुळे जीसन ही लायब्ररी वापरून जेसन डेटा वाचणाऱ्या डेटा क्लासची फील्ड हरवतात. त्या क्लासवर 'कीप' लावा. परीक्षकांना दाखवायची एपीके (ॲपची इन्स्टॉल करायची फाइल) आदल्या रात्री पहिल्यांदा रिलीजमध्ये बनवू नका.

एम्युलेटर की फोन

८ जीबीवर फोनच. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डीबगिंग चालू करा. शाओमीच्या फोनवर 'इन्स्टॉल व्हाया यूएसबी' वेगळं चालू करावं लागतं, नाहीतर 'यूजर रिस्ट्रिक्टेड' म्हणून इन्स्टॉल नाकारलं जातं. अँड्रॉइड ११ पासून वायफायवरूनही जोडता येतं. केबल जोडूनही फोन दिसत नसेल तर आधी केबल बदला; पुष्कळ स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात.

एम्युलेटर हवाच असेल तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते टास्क मॅनेजरच्या सीपीयू पानावर दिसतं. 'एम्युलेटर प्रोसेस हॅज टर्मिनेटेड' याची नेहमीची कारणं तीन: ते बंद असणं, सी ड्राइव्ह भरलेला असणं, ग्राफिक्स ड्रायव्हर जुना असणं. एम्युलेटरचा वेग वाढवणारं हॅक्सम इन्स्टॉल करायला सांगणारे जुने सल्ले सोडून द्या, इंटेलने त्याचं काम थांबवलं आहे.

एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या उकाड्यात लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपला वेग कमी करतो आणि तेच बिल्ड दुपारी सकाळपेक्षा जास्त वेळ घेतं. यात स्टुडिओचा दोष नाही. खालची जाळी मोकळी ठेवा, मोठी बिल्डं सकाळी करा.

खर्च करायचाच असेल तर नवा लॅपटॉप घेण्याआधी टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर 'स्लॉट्स यूज्ड' बघा. दोनपैकी एकच वापरात असेल तर त्याच पिढीची, म्हणजे डीडीआर४ असेल तर डीडीआर४च, ८ जीबीची आणखी एक पट्टी बसवून घ्या, दुकानात लॅपटॉप सोबत नेऊन. त्यानंतर वर्कर्सची मर्यादा काढून टाका, कोटलिन पुन्हा वेगळ्या डीमनवर जाऊ द्या, आणि एक्सएमएक्स ३०७२ करा.